सूचना : कॅन्सरविषयीचा मजकूर गटात टाकण्याआधी

सभासदांनो, कॅन्सर टाळण्याबद्दलचा मजकूर पुढे पाठवताना तो कुणी लिहिला आणि शेवटचा कधी सुधारला, ते पाहा. तारीखच नसेल तर पाठवू नका.

टक्केवारी नीट वाचा. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेज, बेकन, सलामी वगैरे) खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे 18 टक्के वाढतो, याचा अर्थ शंभरात 18 जणांना तो होतो असा नाही. जिथे 5 जणांना झाला असता तिथे साधारण 6 जणांना होईल. या गोंधळानेच माणसं घाबरतात आणि वाचणंच सोडतात.

एका संदेशात एकच सवय सांगा, उद्यापासून जमेल अशी: तंबाखू सोडायचा दिवस ठरवणं, किंवा आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं.

गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर मात्र माहिती शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.