जप्तीची यादी जागेवरच द्या

महोदय,

फेरीवाल्यांवरील कारवाईच्या बातम्यांत किती हातगाड्या आणि किती सिलिंडर जप्त झाले, हे ठळकपणे छापून येते. त्या मालाचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कळत नाही. पथविक्रेत्यांसाठीच्या 2014च्या केंद्रीय कायद्यात याची स्पष्ट तरतूद आहे. माल जप्त केल्यास त्याची यादी करून जप्ती करणाऱ्याच्या सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते आणि शुल्क भरून त्याने मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, तर इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत करावा लागतो.

प्रत्यक्षात रेल्वे स्थानकाबाहेर महापालिकेची जप्तीची गाडी दिसताच 'गाडी आली' अशी हाक उठते, ताडपत्रीची चारही टोके एका मुठीत गोळा होतात आणि जिला उठायला उशीर होतो तिच्या मेथीच्या जुड्या गाडीत जाऊन पडतात. कागद कुणी देत नाही. दुपारपर्यंत मेथी माना टाकते, त्यामुळे ती सोडवायला विभाग कार्यालयात खेटे घालण्यापेक्षा उद्याच्या मालासाठी उसने पैसे काढणे तिला परवडते. शिवाय यादीच नसेल, तर उचलले किती आणि जमा किती झाले, हे तपासणार कोण?

मी रोज त्याच गर्दीतून वाट काढणारा पादचारी आहे आणि स्थानकापासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत, हा उच्च न्यायालयाचा 2017चा आदेश मला योग्यच वाटतो. पण त्या रेषेपलीकडे बसायचे कुठे, हे ठरवण्यात ज्या नगर पथविक्रेता समितीचा सहभाग हवा, तिच्यावरील विक्रेत्यांचे प्रतिनिधी निवडण्यासाठी मुंबईत मतदान झाले ते 29 ऑगस्ट 2024 रोजी, म्हणजे कायदा होऊन दहा वर्षे उलटल्यावर. परवाना नाही म्हणून यादीही नाही, असे कोणी म्हणेल. मात्र परवाने द्यायचे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच ही सबब पुढे करणे शोभत नाही.

सर्वेक्षण, पात्रता आणि समिती यांचे वाद मिटायचे तेव्हा मिटतील. जप्तीच्या यादीला त्यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागत नाही. त्यासाठी छापील पावतीपुस्तक आणि एक कार्बन पुरे. महापालिकेने ते अतिक्रमण निर्मूलनाच्या प्रत्येक गाडीवर सक्तीचे करावे आणि जप्त केलेल्या, परत दिलेल्या व नष्ट केलेल्या मालाचा विभागवार हिशेब दरमहा आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा.

— एक वाचक, बोरिवली