महालक्ष्म्यांना येणं जमत नाही, म्हणून

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

रोज फोन होतो, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर बाबा विचारतात एक, मी सांगते दुसरं, तेवढ्यात आजी समोर येते आणि गाडी जेवणावर जाते. त्यामुळे जावा या कॉम्प्युटरच्या भाषेच्या परीक्षेचं सगळं अर्धवटच राहिलंय. बाबा, प्रिंट काढून आजीलाही वाचून दाखवा. तब्येत उत्तम आहे, जेवते वेळेवर, आणि पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा डबा अजून संपलेला नाही.

आधी तुमची काळजी. नोकरीवर गंडांतर आलेलं नाही. इथल्या, जर्मनीतल्या, मोटारींच्या कारखान्यांतल्या कपातीच्या बातम्या तुम्ही वाचता, त्या खऱ्या आहेत, पण आमच्या टीममधलं कुणी गेलेलं नाही. घाबरून परीक्षा देते आहे असं कृपा करून समजू नका. फीसुद्धा कंपनीच भरते आहे.

‘जीएसआयटीएसची इंजिनिअरिंगची डिग्री असताना आता कसलं सर्टिफिकेट?’ असं तुम्ही दोनदा म्हणालात. डिग्रीनं मला इथवर आणलं, ते मी विसरलेले नाही. पण आमची कंपनी माणसं दुसऱ्या कंपन्यांच्या कामावर पाठवते. पाठवण्याआधी आमची माहिती त्यांच्याकडे जाते, आणि तिथला माणूस मला ओळखत नसतो. त्याला इंदूरचं कॉलेज ठाऊक नसतं, जावाची परीक्षा ठाऊक असते. सप्टेंबरात जे नवं काम सुरू होतंय, त्यासाठी त्यांनी हे सर्टिफिकेट असलेलेच लोक मागितलेत.

पुण्याच्या दादानं परीक्षा दिली तेव्हा तिला एससीजेपी (सन सर्टिफाइड जावा प्रोग्रॅमर) म्हणत आणि ती सन कंपनीची असे. २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली, तेव्हापासून ही परीक्षा ओरॅकल घेते. घराणं तेच, अभ्यासक्रम मात्र बराच पुढे गेलाय. माझी परीक्षा जावा २१ ची, ती आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली. ५० प्रश्न, १२० मिनिटं, पास व्हायला ६८ टक्के, म्हणजे ३४ उत्तरं बरोबर हवीत. आजीला हे सोपं वाटेल. पण प्रश्नात कोड दिलेला असतो आणि विचारलेलं असतं की हा चालवला तर काय छापून येईल. ‘हा कंपाइलच होणार नाही’, म्हणजे चालायलाच तयार होणार नाही, असाही एक पर्याय असतो, आणि बऱ्याचदा तोच बरोबर निघतो.

बाबा, तुम्ही गणित शिकवलंय, तुम्हाला एक उदाहरण आवडेल. जावात इंटिजर (पूर्णांक) प्रकारच्या दोन पेट्या करा, दोन्हींत १२७ ठेवा आणि दोन बरोबर-चिन्हं जोडून विचारा, ‘या सारख्या आहेत का?’ उत्तर येतं, हो. आता दोन्हींत १२८ ठेवा. उत्तर येतं, नाही! कारण ते चिन्ह आतला आकडा बघत नाही, दोन्ही पेट्या म्हणजे एकच पेटी आहे का, एवढंच बघतं. उणे १२८ ते १२७ पर्यंतच्या पेट्या जावा आधीच करून ठेवते आणि मागेल त्याला तीच देते. १२८ पासून एरवी प्रत्येकाला नवी. आकडे जुळवायचे तर ‘इक्वल्स’ वापरायचं.

हे कोडं वाचलं आणि मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचा जुना कोड उघडून बसले. सुट्या भागांची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या एका ठिकाणी नेमकं हेच केलेलं होतं. छोट्या ऑर्डरी जुळत, मोठ्या जुळत नसत, आणि माणसं त्या हातानं तपासत बसत. चाचण्यांमध्ये सगळे आकडे पाच, दहा, वीस असे, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एक ओळ बदलली. त्या दिवसापासून हा अभ्यास मला नुसता सर्टिफिकेटापुरता वाटत नाही.

दादा म्हणतो, आता कोड एआयच लिहून देतो, मग पाठांतर कशाला. मला उलट वाटतं. आमच्याकडेही एआय लिहितो, भराभर लिहितो, आणि दिसायला ते छानच असतं. ते बरोबर आहे का, हे वाचून सही कुणी करायची? ही परीक्षा एक ओळसुद्धा लिहायला लावत नाही, फक्त वाचायला लावते, आणि आता त्याच कामाचे पैसे मिळणार आहेत. पास झाल्यावर पगार आपोआप वाढेल असं मात्र नाही, आत्याला तसं सांगू नका. सर्टिफिकेटानं दार उघडतं, पुढे काम बघतात.

आई, तुला एक गोष्ट सांगायचीच आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये एक पाटी फिरते. तिच्यावर ‘केअरवोखे’, म्हणजे झाडण्याचा आठवडा, असं लिहिलेलं असतं. ज्याच्या दाराच्या मुठीला ती लटकेल, त्यानं त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, कठडाही पुसायचा. झालं की पाटी गुपचूप शेजारच्या दाराला अडकवायची. याशिवाय एक मोठी पाळी असते, तिच्यात तळघराच्या पायऱ्या आणि बाहेरचा फुटपाथ. जिना स्वच्छ दिसत असला तरी पुसायचाच! करायचं शनिवारपर्यंत, कारण रविवारी आवाज चालत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी माझ्या पाळीला हटकून दूध आणायला निघतात आणि कोपरे बघत जातात. आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय हे मी त्यांना अभिमानानं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुला जमायला हवं. आपल्याकडे महापालिकेची माणसं पहाटे रस्ते झाडतात, इथे डॉक्टर असो की वकील, बादली घेऊन स्वतः वाकतो. कोणी भांडत नाही, चुकवत नाही.

आता ही पाटी नेमकी परीक्षेच्या आठवड्यात माझ्या दारावर येणार होती. परीक्षा शनिवारी घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर, टेबल रिकामं, खोलीत दुसरं कुणी नको. मध्येच खालच्या आजींनी बेल वाजवली तर पंचाईत. म्हणून समोरच्यांशी पाळी बदलून घेतली आहे. तुम्हीही त्या शनिवारी दुपारी फोन करू नका, संध्याकाळी मीच करेन.

आणि आता जे लिहायला टाळत होते ते. पास झाले तर नवं काम नेमकं महालक्ष्म्यांच्या आठवड्यात सुरू होतं. येणं जमणार नाही. आई, तू ‘अगं, चालेल’ म्हणालीस, पण नंतर बराच वेळ काही बोलली नाहीस. सोळा भाज्या तू एकटीनं चिरू नकोस, गुडघा तसा असताना तर मुळीच नको. राजेंद्रनगरच्या त्या स्वयंपाकाच्या काकूंना दोन्ही दिवस बोलव, पैसे मी वेगळे पाठवले आहेत. मुखवटे बसवताना व्हिडिओ लाव, मी थोडा वेळ काढून समोर बसेन.

या महिन्याच्या पैशांतच गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचेही आहेत. बाबा, ते एफडीत टाकू नका, गच्चीच करून घ्या.

आत्यानं सुचवलेल्या स्थळाबद्दल: मुलाशी बोलायला माझी ना नाही, पण परीक्षा झाल्यावर. त्यांना एवढं आधीच सांगा की मी लगेच नोकरी सोडून पुण्याला येणार नाही. ब्लू कार्डवर, म्हणजे माझ्या आत्ताच्या नोकरीच्या परवान्यावर, इथे २७ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो, जर्मन भाषेची बी-वन पातळी झाली तर २१ मध्येच, आणि त्याचाही क्लास चालू आहे. परवाना घेणं म्हणजे कायमचं इथेच राहणं नव्हे, बाबा, हे मी आधीही सांगितलंय. हातात असला की यायचं-जायचं आपण ठरवू शकतो, एवढंच. जानेवारीची रजा मी आत्ताच टाकली आहे आणि मंजूरही झाली आहे. तेव्हा सगळं बोलू, आत्यालाही बोलवा.

आजीला नमस्कार. आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास की नाही ते खरं कळव, बाबांच्या फोनवरून फोटो पाठव.

तुमची,
छकुली