वाळत घातलेले कागद

सोमवार, कानबाईचं विसर्जन
अमळनेर

प्रिय मित्रा,

आपल्या खानदेशच्या कानबाई देवीला निरोप देऊन आत्ताच नदीवरून आलो. पाहुणे प्रसादाचे रोट संपवून झोपलेत. भाऊबंदकीतली सगळी माणसं दोन दिवस घरात होती, ओट्यावरसुद्धा बसायला जागा नव्हती. आता स्वयंपाकघरात पाट टाकून लिहायला बसलोय. तुझी तीन पत्रं माझ्याकडे पडून आहेत आणि तिन्हींत एकच प्रश्न आहे: कादंबरी कुठवर आली? उत्तर टाळत होतो, कारण ते चांगलं नाही. आज सगळं सांगतो.

वह्या भिजल्या. पहिली पाच प्रकरणं होती, त्यातली तीन गेली.

कसं झालं ते मे महिन्यापासून सांगावं लागेल. आमचं घर अजून धाब्याचंच आहे, तुला माहीत आहे. सागाच्या तुळया, त्यावर किलचन, वर माती. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकावी लागते. खारी पाणी प्यायली की फुगते आणि भेगा बुजतात, पण दर पावसात थोडी वाहून जाते, म्हणून दरवर्षी नव्याने टाकायची. वडील होते तोवर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की दोन बैलगाड्या खारी दारात पडायची. आता ते काम माझं. यंदा मी मेच्या शेवटच्या आठवड्यात रजा काढून ठेवली होती, दोन दिवस धाब्यासाठी आणि चार दिवस लिहिण्यासाठी. त्या चार दिवसांवर माझा किती जीव होता, तुला काय सांगू! सहावं प्रकरण मनात पूर्ण तयार होतं. आजी मिलच्या फाटकाशी डबा घेऊन उभी आहे आणि भोंगा वाजत नाही, इथून ते सुरू होणार होतं.

रजेच्या आदल्या दिवशी दुपारी आई धाब्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालून खाली आली. चारच्या सुमारास पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला. बिबडे भिजतील म्हणून ती पुन्हा निसणी चढली. बिबडे ओच्यात घेऊन उतरताना वाऱ्याने निसणी सरकली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. मी तेव्हा तापीच्या पलीकडे चोपड्याच्या बाजूला माझ्या तलाठी सजात होतो. बायकोने शेजाऱ्याच्या गाडीतून आईला दवाखान्यात नेलं. मला फोन लागला तेव्हा प्लास्टर चढलेलं होतं.

त्याच वादळाने केळी झोपल्या. रात्री तोंडी निरोप आला, सकाळी आदेश आला: रजा रद्द, तातडीने पंचनामे. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात मात्र सगळे तलाठी आप्पाच म्हणतात. आणि वादळानंतर शिवारात सगळ्यात आधी आप्पा लागतो. कृषी सहायक, ग्रामसेवक आणि मी असे तिघं बांधाबांधाने फिरलो. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत बसते, म्हणून शेतात उभं राहून पडलेली खोडं मोजायची. केळी पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात साधारण १७०० खोडं बसतात. पहाटे पाचला घर सोडायचो, पुलावर सूर्य उगवायचा. परतायला रात्रीचे नऊ व्हायचे. पारा ४४-४५ वर होता. त्यातच घरातल्या कूलरची मोटार जळाली आणि ती बदलायलाही मला पाच दिवस वेळ मिळाला नाही. आई प्लास्टर घालून त्या उकाड्यात पडून होती. बायको शाळेत शिकवते. भाकरी, धुणं, आईची वेणी, सगळं तिच्या अंगावर पडलं. पहाटे चारला उठून लिहीन असं मी तुला लिहिलं होतं. चारला उठायचो, पण पाणी भरायला.

एक प्रसंग मात्र सांगतोच. अजून कुठेच लिहिलेला नाही, आधी तुलाच लिहितोय.

मृगबाग होती, घड कापणीला आलेले. दीड एकर पूर्ण आडवी. एक म्हातारे शेतकरी पडलेल्या घडांवर केळीची वाळलेली पानं झाकत फिरत होते. उन्हाने घड काळा पडतो म्हणून झाकतात, ते उभ्या बागेत. जमिनीवर पडलेला घड कोणी व्यापारी घेत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी विचारलं, "बाबा, आता कशाला झाकता?" ते थांबले नाहीत. पुढच्या घडावर पान ठेवत म्हणाले, "वरीसभर झाकत आलो, आप्पा."

पंचनाम्यात मी गट नंबर लिहिला, बाधित क्षेत्र लिहिलं, टक्केवारी लिहिली. खाली त्यांचा अंगठा घेतला. अंगठ्याला केळीचा चीक लागलेला होता, त्यामुळे शाई नीट उमटली नाही. दोनदा घ्यावा लागला.

तू मागे लिहिलं होतंस की नोकरीतूनच लिखाणाला खाद्य मिळतं, तेव्हा कुरकुर करू नकोस. मित्रा, मला हे पटत नाही. खाद्य माझ्याकडे आधीपासून भरपूर आहे. आजी आहे, प्रताप मिल आहे, आमची गल्ली आहे. मला सलग तीन तास लागतात, जे कोणी मोडणार नाही. ते बाबा मला भेटले, हे खरंच मोठं देणं आहे. पण त्यांच्याविषयी लिहायला रात्री बसलो तर पहिलं वाक्य आलं, "सदर शेतकऱ्याने समक्ष सांगितले की". मी ते खोडलं. दुसरंही तसंच आलं. वीस दिवस त्या भाषेत लिहून हात तसाच वळला होता. वेळ गेला तर परत मिळवता येईल, पण भाषा अशी हातातून जाताना पाहून मी घाबरलो.

खारी राहिली ती राहिलीच. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्री आला. मागच्या खोलीत, जिथे माझी पत्र्याची पेटी असते, बरोबर त्यावरच उंदराने धाब्यात बीळ केलेलं होतं. पेटीचं झाकण मी उघडं टाकलं होतं, पंचनाम्याचे कोरे फॉर्म काढताना. सकाळी पेटीत चार बोटं पाणी होतं.

पहिली तीन प्रकरणं तू दिलेल्या शाईपेनाने लिहिली होती. ती पानं निळी झाली, बस. चौथं आणि पाचवं बॉलपेनाने लिहिलं होतं. कागद फुगला पण अक्षर टिकलं. ती पानं एकेक सोडवून माजघरात दोरी बांधून वाळत घातली. आईने खाटेवरून पाहिलं आणि म्हणाली, "नाना, तुन्हं लिखेल समदं वल्लं व्हई गयं रे!" आणि रडायला लागली. हात मोडला तेव्हा ती रडली नव्हती. तिला वाटत होतं की बिबड्यांसाठी ती धाब्यावर चढली नसती तर हे झालं नसतं. मी तिला किती समजावलं.

पहिल्या तीन प्रकरणांत आजीचं माहेर, लग्न आणि अमळनेरला येणं होतं, आणि ते सगळं आईच्याच तोंडून ऐकलेलं. म्हणून तिला म्हटलं, पुन्हा सांग. तिने सांगायला सुरुवात केली. पण गड्या, ती आता वेगळंच सांगते! मागच्या वेळी आजी बैलगाडीने आली होती, आता म्हणते रेल्वेने, आणि स्टेशनवर आजोबा घ्यायला आलेच नव्हते. मी विचारलं, मग मागे बैलगाडी का सांगितलीस? थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "तवय तुन्हा बाप बसेल व्हता ना आठे." वडिलांसमोर त्यांच्या बापाची उणीव तिने काढली नाही. वीस वर्षं मी बैलगाडी खरी मानून चाललो होतो.

तेव्हा आता तीन प्रकरणं नुसती परत मिळवायची नाहीत, काही भाग नव्याने लिहावा लागेल. पण जुनं समोर असल्याशिवाय मला नवं लिहिता येणार नाही. म्हणून हे पत्र. मागच्या दिवाळीत त्या तीन प्रकरणांची झेरॉक्स तुला पाठवली होती. २०२४ च्या फेब्रुवारीत, १९५२ नंतर पहिल्यांदा, मराठी साहित्य संमेलन आपल्या अमळनेरला भरलं तेव्हा मंडपातून बाहेर पडल्यावर आपण प्रताप कॉलेजच्या कट्ट्यावर बसून ठरवलं होतं की एकमेकांचं लिहिलेलं एकमेकांकडे ठेवायचं. तू ठेवलं असशील, याची मला खात्री आहे. त्यावरून एक प्रत काढून पोस्टाने पाठव. मोबाइलवर फोटो नकोत, आईला कागद हातात धरून वाचून दाखवायचंय. समासात तू पेन्सिलने काही लिहिलं असेल तर खोडू नकोस, तेही येऊ दे.

खारी गेल्या रविवारी टाकली, कानबाईसाठी घर सारवायच्या आधी. पाहुण्यांतल्या दोन पोरांनी मदत केली. आईचं प्लास्टर निघालंय, पण मूठ अजून आवळत नाही. रोटाचं पीठ यंदा बायकोने मळलं आणि आई शेजारी बसून पाणी किती घालायचं ते सांगत होती.

शाईपेन जपून ठेवलंय. तू रागावणार नाहीस ना? कादंबरी आता बॉलपेनानेच लिहीन. हे पत्र मात्र त्याच पेनाने लिहिलंय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पाकिटावर घरचा पत्ता घाल, कचेरीचा नको.

तुझा,
नाना