मृगाआधी पुस्तके माळ्यावर न्यायची आहेत : सभासद आणि हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला आहे आणि जुन्या जावा-येझदी मोटरसायकली जपणाऱ्या आपल्या मंडळाचा सारा दप्तरखाना अजून कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्याच तळमजल्याच्या खोलीत आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा कुंभार गल्लीत शिरली तेव्हा त्या खोलीत काय झाले, हे नव्याने सांगायला नको. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आले. कपाटे फळ्यांवर उचलून ठेवली होती म्हणून तेव्हा खालचा एक खणच भिजला. तिसऱ्या वेळी दैवावर हवाला ठेवायची माझी तयारी नाही, म्हणून हे पत्र घाईत लिहीत आहे.

2019 ची आठवण काढल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. जावाची आणि येझदीची सुट्या भागांची पुस्तके गुळगुळीत कागदाची. भिजली आणि पाने एकमेकांना चिकटून विटा झाल्या. कागलच्या आपल्या मास्तरांनी सत्तरी ओलांडलेली असताना शाळेच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या आणि सुटणारे एकेक पान वाळत घातले. न सुटणाऱ्या पानांना हात लावू दिला नाही, “फाटेल, राहू दे” म्हणून सगळ्यांना दटावले. आज ती पाने वाचता येतात ती त्या दटावण्यामुळे. उद्यमनगरातल्या छापखान्याच्या मालकांनी टीपकागदाचे गठ्ठे पाठवले आणि बिलाचे नाव काढू दिले नाही. निपाणीच्या ज्या कुटुंबाने लोखंडी कपाट दिले, त्यांचा नाव न छापण्याचा आग्रह आजही कायम आहे. आपण सगळे त्यांना ओळखतोच. आणि आपले थोरले मिस्त्री! हाताला कंप सुटल्यावर त्यांनी पान्हे खाली ठेवले आणि चाळीस वर्षांची वही मंडळाच्या स्वाधीन केली. कुठल्या गाडीचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) किती वाढवला, मूळ बेअरिंग मिळेना तेव्हा कोणते बसवले, कोणत्या लेथवाल्याचा हात क्रँकला चांगला, सारे पेन्सिलीने लिहिलेले, ऑइलच्या बोटांच्या ठशांसह. अशी वही पैशाने मिळत नाही.

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1961 मध्ये सुरू झाला आणि 1996 मध्ये बंद पडला. त्यानंतर आपल्याला विचारायला कंपनी उरली नाही. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावे रस्त्यावर परतली याचा आनंद आहेच, पण ती पाण्याने थंड होणारी फोर-स्ट्रोक इंजिने. आपल्या टू-स्ट्रोकला त्यांचा नट-बोल्टाइतकाही उपयोग नाही. मागच्या दिवाळीत गडहिंग्लजकडून एक जावा चार पोत्यांत भरून आली. गिअरबॉक्सचे वॉशर कोणत्या क्रमाने बसतात ते आपल्या पुस्तकातल्या आकृतीवरून लावले. क्लचचे तेच. या गाडीत हाताच्या लिव्हरने क्लच सुटतो तसा पायाने गिअर टाकतानाही सुटतो, त्यामुळे नुसती केबल ताणून भागत नाही, आतले सेटिंग आधी जुळवावे लागते. हे न कळल्याने गिअर अडतो, आणि लोक चांगली प्लेट फेकून नवी शोधत फिरतात. सहा व्होल्टच्या वायरिंगचा नकाशा तर दर महिन्याला कोणी ना कोणी मागतोच.

आणखी एक गोष्ट. जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरे असलेला व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो, पण गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. मूळ स्वरूप म्हणजे काय, टाकीवरची सोनेरी रेघ कुठून कुठे जायची, दिवा कोणता, सीट कसली, हे दाखवायचे कशाच्या आधारावर? आपल्याजवळच्या त्या ओल खाल्लेल्या पानांच्या.

मनातले एक बोलतो, राग मानू नये. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा-येझदी दिनाला, बिंदू चौकात गाड्या लावायला जागा उरत नाही. त्याच महिन्यात पुस्तके हलवायला बोलावले तर सात जण आले. गेल्या वर्षीच्या आवाहनाला अकरा उत्तरे आली, त्यातली चार शुभेच्छांची. रात्री अकराला फोन करून पान मागणाऱ्याला आम्ही कधी नाही म्हटले नाही आणि यापुढेही म्हणणार नाही. पण ते पान कुठल्या खोलीत, कोणत्या अवस्थेत आहे, हे एकदा येऊन बघावे एवढी अपेक्षा फार नसावी.

आता कामाचे. उद्यमनगरातल्या एका सभासदाने आपल्या वर्कशॉपवरचा माळा भाड्याशिवाय देऊ केला आहे. पत्रे बदलणे, दोन बंद कपाटे, बांधणी न उसवता वरून पाने टिपणारा स्कॅनर आणि आम्लविरहित कागदाच्या पेट्या मिळून खर्च 1,85,000 रुपये, जमले 61,500, हवेत 1,23,500. रक्कम खजिनदारांकडे रोख किंवा मंडळाच्या खात्यावर (क्रमांक सभासद पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर), पावती हातोहात मिळेल. शेवटची तारीख 31 मे. पैसे शक्य नसतील त्यांनी दोन रविवार द्यावेत, सकाळी 8 ते 12, स्वच्छ कोरडे हात आणि सुती रुमाल घेऊन. टेम्पो असेल तर फारच उत्तम. घरात वडिलांच्या, आजोबांच्या गाडीचे पुस्तक, पावती, जुने आरसी बुक असेल तर स्कॅनपुरते द्यावे, मूळ प्रत त्याच दिवशी परत मिळेल. कृपया फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कागद त्याने कायमचा जातो.

आपला,
कार्यवाह

ता. क. : येझदी रोडकिंगचे सुट्या भागांचे पुस्तक, निळ्या पुठ्ठ्यात बांधलेले, 2022 च्या गणपतीत कोणीतरी वाचायला नेले आहे. नोंदवहीत सही नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी खोलीच्या दारात ठेवून जावे. कोणी काही विचारणार नाही. आपल्याकडे त्याची दुसरी प्रत नाही.