तो पतंग अ‍ॅटलास नव्हे, टसर

महोदय,

चोपडा तालुक्यात एका घराच्या दिव्याखाली आढळलेल्या मोठ्या पतंगाचे छायाचित्र आपल्या दैनिकात ‘दुर्मीळ आणि विषारी अ‍ॅटलास’ अशा मथळ्याखाली प्रसिद्ध झाले आहे. तो टसर रेशमाचा पतंग, म्हणजे अँथेरिया मायलिटा आहे. त्याच्या चारही पंखांवर एकेक गोल, पारदर्शक डोळा स्पष्ट दिसतो. अ‍ॅटलासच्या पंखांवर त्या जागी त्रिकोणी खिडक्या असतात, पुढच्या पंखांची टोके सापाच्या डोक्यासारखी वळलेली असतात आणि आपल्या राज्यात तो प्रामुख्याने सह्याद्रीच्या दमट जंगलांत आढळतो. छायाचित्रातील पतंग पिवळसर व बारीक मिशांचा असल्याने ती मादी असावी. नर बहुधा तांबूस तपकिरी असतो आणि पिसासारख्या रुंद मिशांनी मादीचा गंध अंधारात दुरून टिपतो.

‘विषारी’ हा शब्द तर मुळीच योग्य नाही. या पतंगाला नांगी नसते आणि खाण्याजोगे तोंडही नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. अशा मथळ्यांमुळे लोक त्याला झाडूने मारतात, याचे फार वाईट वाटते.

सातपुड्याच्या उतारावरील ऐन, नाल्याकाठचा अर्जुनसादडा आणि आपल्या शेतांच्या बांधांवरची बोर या झाडांच्या पाल्यावर त्याची जाड, हिरवी अळी वाढते. ती विणते तो टणक कोश लहान अंड्याएवढा असतो, आणि त्याचा देठ डहाळीभोवती कड्यासारखा घट्ट बसलेला असल्यामुळे पानगळीनंतरही कोश झाडावरच लटकत राहतो. हिवाळा व उन्हाळा आत काढून पहिल्या पावसानंतर पतंग बाहेर पडतो. म्हणूनच तो आपल्याला पावसाळ्याच्या तोंडी दिव्यांवर दिसतो. (गडचिरोली, भंडाऱ्याकडे याच कोशांवर अनेक कुटुंबांची उपजीविका चालते.)

आपल्याकडे नेमकी उन्हाळ्यात कुपाटीसाठी, म्हणजे शेताच्या काटेरी कुंपणासाठी, बोर छाटली जाते, आणि फांद्यांबरोबर जिवंत कोशही तुटून वाळतात किंवा जाळले जातात. बोर तोडू नये असे माझे म्हणणे नाही, कारण ती पुन्हा फुटते. मात्र छाटणीत कोश दिसल्यास तेवढी डहाळी न छाटलेल्या झाडाला सावलीत बांधून ठेवावी. एवढ्याने आतला पतंग वाचू शकतो. आपण मथळ्यातील दुरुस्तीसोबत ही माहितीही छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, शहादा