आयसिस नावाचा दगड

नौपाडा, ठाणे
रविवार, सकाळ

प्रिय मुक्ता,

अहवाल तुझा आणि नाव साहेबांचं, हे तू फोनवर हसत हसत सांगितलंस. तुझी आई म्हणाली, ठेवल्यावर रडली असणार. मला तेव्हा काही सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या अमावस्येला आम्ही कट्ट्यावरचे चौघे रात्रीच्या कर्जत लोकलने वांगणीला गेलो होतो. आपल्या गच्चीवरून हल्ली चंद्र आणि गुरू दिसले तरी पुष्कळ. तिथे शेतात एका मुलाने दुर्बिणीतून लघुग्रह दाखवला, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा एक दगड. टिपकाच, शेजारच्या ताऱ्यांसारखा. पण दोन रात्रींपूर्वी त्याने पेन्सिलने कागदावर नकाशा काढला होता, त्यातल्या जागेवरून टिपका सरकला होता. ते सरकणं बघून मी वेडाच झालो. घरी आल्यापासून हेच वाचतोय.

त्यात तुझं चेन्नई निघालं! नॉर्मन पॉगसन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८५६ साली ऑक्सफर्डला एक लघुग्रह शोधला, क्रमांक ४२. नाव पडलं आयसिस (बातम्यांतलं नव्हे, इजिप्तच्या देवीचं), कारण त्याच्या लहानग्या लेकीचंही तेच नाव. १८६१ मध्ये तो मद्रासच्या वेधशाळेत आला, आणि त्याच एप्रिलमध्ये त्याला आणखी एक सापडला. आशियातून सापडलेला पहिलाच, म्हणून नाव एशिया.

१८७३ पासून लेक बापाच्या हाताखाली आकडेमोड करू लागली, ती पंचवीस वर्षं. १८८६ साली बापाने लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत फेलो म्हणून तिचं नाव सुचवलं. वकिलांनी सोसायटीची सनद उघडली: फेलोसाठी सगळीकडे 'तो' लिहिलंय, 'ती' कुठेच नाही. नाव मागे घ्यावं लागलं. व्याकरण काढून बसले, मेले! १८९१ मध्ये पॉगसन गेला. ती फेलो झाली १९२० साली. तेवढ्या चौतीस वर्षांत तिच्या नावाच्या दगडाने सूर्याभोवती जवळपास नऊ फेऱ्या मारल्या.

वेधशाळा पुढे कोडाईकनालला गेली, पण तिचा ग्रॅनाइटचा खांब नुंगमबाक्कमला हवामान खात्याच्या आवारात अजून उभा आहे. तुझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटं. आत सोडतात का विचार, फोटो पाठव.

आणि अहवालाचा तुझा मसुदा तारखेसकट जपून ठेव. मेतकूट कुरिअरने पाठवलंय. मागच्या वेळी सांडलं होतं, म्हणून आईने झाकणाला एवढी चिकटपट्टी लावलीय की कात्री लागेल.

तुझा
बाबा