महिन्यात दोनदा ब्रेक ऑइल

ती. आई-बाबांस सा. न.

काल फोनवर बाबा सहज बोलून गेले, "ब्रेक जरा खाली लागतोय, ऑइल टाकलं की होतं नीट." महिन्यात दुसऱ्यांदा टाकलं, हे आई मागून ओरडली म्हणून कळलं.

बाबा, ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. लायनर (चाकाला घासून गाडी थांबवणारे) झिजले की पातळी उतरते, पण अगदी सावकाश. महिन्यात दोनदा उतरली म्हणजे ते गळतंय. दिवाळीत बॉनेट उघडलं तेव्हा ब्रेक ऑइलच्या टाकीखालचा रंग पापुद्र्यासारखा सुटलेला मी पाहिला होता. हे ऑइल सांडलं की रंग खातं. तेव्हाच विचारायला हवं होतं, पण फराळाच्या गडबडीत राहून गेलं.

आता गाडी हलवू नका. रात्री चारही चाकांखाली जुना 'ऐक्य' पेपर पसरा. सकाळी डाग दिसला तर बोट लावून बघा. एसीचं पाणी असेल तर लगेच कळेल, हे बुळबुळीत लागतं. मागच्या टायरची आतली बाजू ओली असेल तर बहुतेक चाकातल्या व्हील सिलेंडरचे वॉशर गेलेत. पण कागद कोरडा निघाला म्हणून खूश होऊ नका. पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलेंडर गळत असेल तर ऑइल त्याच्या मागच्या बूस्टरच्या डब्यात उतरतं, खाली थेंबही पडत नाही. गाडी जागेवरच चालू करून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. पायाखाली हळूहळू बसत गेलं, तर बहुतेक तिथेच दुखणं आहे.

मिस्त्रींना घरी बोलवा, नाहीतर गाडी टोचन करून न्या. "हँडब्रेकवर हळूच नेतो" हे चालणार नाही, तो फक्त मागची चाकं धरतो. ऑइल प्यालेले लायनर पुसून परत बसवू देऊ नका, नवेच घाला. शेवटी चारही चाकांच्या ब्रेक नळ्यांतली एअर काढून घ्या.

आणि माळ्यावरची ती ब्रेक ऑइलची अर्धी बाटली मिस्त्रींकडे देऊन टाका. उघडलेलं ऑइल हवेतली ओल धरतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत तग धरतं, ओलावलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. सज्जनगडाच्या उतारावर ब्रेक तापले आणि आत वाफ झाली, तर पेडल नुसतंच खाली जाईल.

गुरुवारी गडावर जायचंच असेल तर एसटीने जा. आई, तोवर किल्ली तूरडाळीच्या डब्यात ठेव. बाबा तिथे कधी हात घालत नाहीत.

तुमची,
ताई